घरात दोन मते आणि मध्ये लेकरू

(पाठ : उत्पत्ति, अध्याय २५, वचने १९ ते ३४, आणि अध्याय २७. सोबत वाचावे : शास्ते, अध्याय १३.)

ह्या पाठाचा विषय आमच्या खेड्यांतील घराघरांत आढळतो, परंतु मंडळीत त्याविषयी क्वचितच बोलले जाते. बाप म्हणतो, पोरास धाक हवा. आई म्हणते, लेकरास माया हवी. दोघेही लेकराचे हितच इच्छितात, आणि दोघांच्या ओढाताणीत लेकरू मात्र मध्ये उभे राहते. असा वाद वाढला म्हणजे तो उपदेशकापुढे येतो, आणि त्यास विचारले जाते की, खरे कोणाचे, बापाचे की आईचे? आमच्या मते हा प्रश्न पहिला नव्हे. आईबापांचे स्वभाव निराळे असणे हे पाप नाही, आणि तेवढ्याने लेकराचा नाशही होत नाही. नाश होऊ लागतो तो आईबाप आपसांतील वाद एकमेकांशी न बोलता लेकराच्या द्वारे चालवितात तेव्हा. ही गोष्ट पवित्र शास्त्रातील एका घराच्या वृत्तांतावरून आपण प्रथम शिकू, आणि मग कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी अलीकडे काय पाहिले आहे ते पाहू.

१. इसहाकाचे घर

इसहाक व रिबका ह्यांचे घर वाईट होते असे कोणी समजू नये. इसहाकाने रिबकेवर प्रीती केली, असे शास्त्र स्पष्ट सांगते. विवाहसमयी तो चाळीस वर्षांचा होता, आणि मुले झाली तेव्हा साठ वर्षांचा. म्हणजे वीस वर्षे त्या दोघांनी लेकराची वाट पाहिली, व इसहाकाने पत्नीसाठी देवाजवळ विनंती केली. इतक्या प्रार्थनेने मिळालेली ती जुळी मुले होती.

तथापि पंचविसाव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात एक लहानशी गोष्ट लिहिली आहे, आणि पुढील सर्व दुःखाचे बीज तिच्यात आहे. बापाचा ओढा एसावाकडे होता, कारण त्याने आणिलेली शिकार त्यास आवडे. आईचा ओढा याकोबाकडे होता. एक मुलगा बापाचा झाला, एक आईचा झाला. दोघे मिळून दोघांचे आईबाप राहिले नाहीत.

आता सत्ताविसावा अध्याय लक्षपूर्वक वाचावा, आणि एवढेच पाहावे की कोण कोणाशी बोलतो. इसहाक एसावास बोलावून आपला बेत सांगतो. रिबकेस सांगत नाही. रिबका ते ऐकते, परंतु नवऱ्याकडे जात नाही; ती याकोबाकडे जाते. वडील धाकट्याची सेवा करील, असे देवाने तिला मुलांच्या जन्मापूर्वीच कळविले होते. ते तिने पतीस सांगितल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. मग याकोब आईचा निरोप्या व हस्तक होऊन बापाकडे जातो. पुढे फसवणूक, एसावाचा आक्रोश व भावाचा जीव घेण्याचा विचार हे सर्व घडते, आणि त्या सबंध अध्यायात नवराबायको एकमेकांशी एक शब्दही बोलताना आढळत नाहीत. अगदी शेवटच्या वचनात रिबका इसहाकाशी बोलते, तेव्हाही खरे कारण सांगत नाही. थोरल्याच्या क्रोधामुळे धाकटा मरेल ही तिची भीती होती. पतीस मात्र ती हेथी सुनांचा कंटाळा आल्याचे सांगते.

ह्याचे फळ काय झाले? थोडे दिवस मामाकडे जाऊन राहा, असे तिने याकोबास सांगितले होते. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. ज्या मुलावर तिची अधिक माया होती, तोच तिला अंतरला. आणि तो मुलगा स्वतः बाप झाला तेव्हा त्याने काय केले? योसेफास इतरांहून अधिक मानून निराळा झगा करून दिला, व त्याच्या घरातही भाऊ भावाचा वैरी झाला. जे घरात शिकला, तेच त्याने पुढे चालविले.

२. धाक आणि माया

लेकरे वाढविण्याच्या रीतींचा अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात डायना बॉमरिंड नामक विदुषीने १९६० नंतरच्या दशकात केला. त्यांनी तीन रीती वर्णिल्या. पहिली केवळ हुकमाची : आईबाप सांगतील ते मुलाने करावे, कारण विचारू नये. दुसरी केवळ मोकळिकीची : माया पुष्कळ, परंतु नेम नाही व अडवणूक नाही. तिसरीत नेमही असतो व मायाही असते. आईबाप मर्यादा घालून देतात, तिचे कारण समजावितात, लेकराचे म्हणणे ऐकून घेतात आणि तरीही शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवितात. पुढे १९८३ साली एलेनोर मॅकोबी व जॉन मार्टिन ह्या अभ्यासकांनी चौथी रीत मांडिली : जिच्यात नेमही नाही व मायाही नाही, म्हणजे निव्वळ दुर्लक्ष. हे अभ्यास प्रथम अमेरिकेतील घरांत झाले, म्हणून ते आमच्या गावाला जसेच्या तसे लावू नयेत. तथापि धाक व माया ही एका लेकरास एकाच वेळी हवीत, ही गोष्ट आमच्या अनुभवासही पटते. शास्त्रही ह्याहून निराळे सांगत नाही. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात बापाचा बोध व आईची शिकवण ही दोन्ही एकत्र मांडिली आहेत, व दोहोंपैकी एकही टाकू नये असे मुलास सांगितले आहे. पौल इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिताना बापांस बजावितो की त्यांनी मुलांस चिडवून खिन्न करू नये.

पुष्कळ जण येथे नीतिसूत्रांतील काठीचे वचन पुढे करितात. त्यांनी त्याच ग्रंथाचे पहिले नऊ अध्याय वाचावेत. तेथे बाप मुलास पुनःपुन्हा हाक मारून जवळ बसवितो, कारणे देतो, दृष्टांत सांगतो आणि परिणाम दाखवितो. ज्या बापाने नऊ अध्याय बोलण्यात घालविले, त्याचे एक वचन घेऊन न बोलता मारणाऱ्याने आपणांस शास्त्राचा अनुयायी म्हणवू नये.

आता धाक एकाकडे व माया दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली म्हणजे काय होते ते पाहू. समजा, एका घरी मुलगा शाळा चुकवून नदीवर गेला. बापाने त्यास झोडपले व रात्री जेवू नये असे सांगितले. आईस ते पाहवले नाही. तिने चुलीमागे त्यास भाकर दिली, आणि बाबांस सांगू नको असे म्हटले. दुसऱ्या दिवशी बापास ते कळले. त्याने मनात म्हटले, हिच्या लाडाने पोर बिघडते, मलाच अधिक कडक झाले पाहिजे. आईने मनात म्हटले, ह्यांच्या हातून पोर मरेल, मलाच त्यास अधिक पदराखाली घेतले पाहिजे. बाप जितका कडक, तितकी आई मऊ. आई जितकी मऊ, तितका बाप कडक. प्रत्येकास वाटते की आपण दुसऱ्याची चूक भरून काढीत आहो; वास्तविक दोघेही एकमेकांची चूक वाढवीत आहेत. आणि मुलगा काय शिकला? शाळा चुकवू नये हे तो शिकला नाही. आई व बाप ह्यांच्यामध्ये एक फट आहे, आणि तिच्यातून निसटता येते, हे तो शिकला. ही विद्या वाढत्या वयात त्यास फार महाग पडते.

३. कुटुंबाचा उपचार

मुलगा उनाड झाला, मुलगी मुकी झाली, लेकरू रात्री दचकून उठू लागले, म्हणजे पूर्वी वैद्य त्या एका लेकरासच तपाशीत. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील काही मनोवैद्यांस असे दिसू लागले की, लेकरू बरे होऊन घरी गेले की पुन्हा तसेच होते. म्हणून एकट्या लेकराऐवजी सर्व घरास एकत्र बसवून बोलावे. ह्यासच कुटुंबोपचार म्हणतात.

त्या मनोवैद्यांपैकी मरे बोवेन ह्यांनी त्रिकोणाची कल्पना मांडिली. दोन माणसांमधील ताण त्यांस सोसेनासा झाला म्हणजे ती तिसऱ्या कोणास मध्ये ओढितात, आणि तेवढ्यापुरते दोघांस हलके वाटते. परंतु ओझे तिसऱ्याच्या माथी बसते. घरात हा तिसरा बहुधा लेकरूच असतो. अशा रीती एका पिढीतून दुसरीत उतरतात, हेही बोवेन ह्यांनी दाखविले. इसहाकाच्या घराचा वृत्तांत वाचणाऱ्यास ह्या दोन्ही गोष्टी नव्या वाटणार नाहीत.

दुसरे सॅल्व्हाडोर मिनूचिन. त्यांचा जन्म १९२१ साली अर्जेंटिना देशात झाला. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेत गरीब वस्त्यांतील बिघडलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले, आणि त्या मुलांच्या घरच्यांस एकत्र बसवून बोलण्याची रीत घडविली. १९७४ साली त्यांनी ह्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. घरात आईबाप मिळून एक जोडी असावी, त्या जोडीचे ठाणे लेकरांहून वेगळे असावे, व लेकराने त्या ठाण्यात जाऊन न्यायाधीश, वकील किंवा हेर होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते घरच्यांस समोर बसवून कोण कोणाजवळ बसते व कोण कोणाच्या वतीने बोलते हे पाहत, आणि लेकराच्या तोंडून चाललेले बोलणे आईबापांनी परस्परांकडे वळून करावे अशी तजवीज करीत.

हे केवळ परदेशाचे ज्ञान आहे असे वाचकांनी समजू नये. आपल्या देशात अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात रोग्यांच्या नातलगांस आवारात तंबू देऊन रोग्याबरोबर राहविले, व उपचारात त्यांस भागीदार केले. मिशनरी बाई डॉ. आयडा स्कडर ह्यांनी वेल्लोर येथे स्थापिलेल्या ख्रिस्ती वैद्यकीय संस्थेच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रोग्याबरोबर घरच्यांनी राहावे अशी रीत आहे. एक अवयव दुखला म्हणजे सर्व शरीर दुखते, असे पौलाने करिंथकरांस लिहिले; ते मंडळीविषयी खरे आहे, तसेच घराविषयीही खरे आहे.

४. आईबापांनी काय करावे

आमच्या वाचकांत बीड, अहिल्यानगर ह्या भागांतील ऊसतोडणी करणारी कुटुंबे आहेत. फडात नवराबायकोच्या जोडीस मिळून एक कोयता म्हणतात. एकाने ऊस तोडावा, दुसऱ्याने मोळी बांधावी. दोघांचे काम निराळे, परंतु कोयता एक, उचल एक व हिशेब एक. लेकरे वाढविण्यातही असाच कोयता असावा. बाप आईसारखा व आई बापासारखी व्हावी असे नाही. हिशेब एक असावा. ह्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्या.

पहिली गोष्ट, मतभेद लेकराच्या पाठीमागे मिटवावा. दिवाबत्ती होऊन मुले निजल्यावर अर्धी घटका दोघांनी बोलावे. समोर जोडीदाराने काही चुकीचे केले असे वाटले तरी, मारहाणीचा प्रसंग नसेल तर, तेथेच खोडून काढू नये. मग एकांती सांगावे.

दुसरी, नेम थोडे असावेत व दोघांचे असावेत. शाळा बुडवू नये, खोटे बोलू नये, दिवेलागणीस घरी यावे, असे तीनचार नेम दोघांनी ठरवून दोघांनी मिळून लेकरास सांगावे. नेम मोडल्यास काय होईल हेही आधीच सांगावे, म्हणजे शिक्षा रागाच्या भरात ठरणार नाही.

तिसरी, बाबांस सांगू नको किंवा आईस कळू देऊ नको, असे लेकरास कधीही म्हणू नये. हे वाक्य मायेचे दिसते, परंतु त्याने लेकराच्या डोक्यावर मोठ्या माणसाचे ओझे ठेविले जाते.

चौथी, लेकराच्या द्वारे निरोप पाठवू नये. तुझ्या बापास सांग, असे म्हणण्याची वेळ आली तर आपण उठून बापाकडे जावे.

पाचवी, आजीआजोबांसही ह्या बोलण्यात घ्यावे. आईबाप तोडणीस गेले म्हणजे कित्येक महिने आजीच लेकरांची आई असते. जाण्यापूर्वी तिच्याबरोबर बसून नेम ठरवावेत, आणि परत आल्यावर तिच्या वागण्याचा लेकरासमोर पाणउतारा करू नये.

येथे एक अवघड प्रसंग सांगितला पाहिजे. कित्येक घरांत आई प्रभूची झाली आहे, बाप झालेला नाही. किंवा बाप झाला आहे, आई नाही. रविवारी लेकराने उपासनेस जावे की जत्रेस, ह्यावर ओढाताण होते. तीमथ्याची आई विश्वास ठेवणारी होती व बाप हेल्लेणी होता, हे आपणांस प्रेषितांच्या कृत्यांवरून ठाऊक आहे. त्याची आई युनीके व आजी लोईस ह्यांच्या ठायी निष्कपट विश्वास होता, असे पौल लिहितो, आणि तोच विश्वास तीमथ्यामध्ये आला. अशा घरच्या आईस आमची विनंती आहे की, तिने लेकरास चोरून उपासनेस आणू नये व घरी खोटे बोलावयास शिकवू नये. तिने पतीस उघडपणे सांगावे, त्याचे ऐकावे, आणि जे मिळेल तेवढे मोकळेपणाने घ्यावे. लेकरू खोट्याच्या वाटेने देवघरात आले, तर ते वाट शिकेल व देव विसरेल.

५. उपदेशकांसाठी

उपदेशक व बायबलबाई ह्यांनी घरभेटीच्या समयी न्यायाधीशाच्या आसनावर बसू नये. खरे कोणाचे असे विचारल्यास दोघांस विचारावे : आपल्या लेकराविषयी तुम्हांस कशाची भीती वाटते? बहुधा असे दिसेल की, बापास लेकरू वाया जाईल ही भीती आहे व आईस लेकरू दुरावेल ही भीती आहे. दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकांपुढे प्रथमच बोलल्या जातील. बोलताना नवरा तुमच्याकडे पाहून बायकोविषयी सांगू लागला, तर हळूच म्हणावे, दादा, हे त्यांनाच सांगा. एवढे साधले तरी पुष्कळ साधले.

परंतु एक मर्यादा विसरू नये. जेथे नवरा बायकोस मारितो, किंवा लेकरास अंगावर वळ उठेपर्यंत मारिले जाते, अथवा कोणी लेकराशी दुष्कर्म करितो, तेथे मतभेद हा शब्दच लागू नाही. तेथे एकमत करा असे आईस सांगणे म्हणजे दुष्टाईशी एकमत करा असे सांगणे होय. अशा घरी दोघांस समोरासमोर बसवू नये. आधी बाई व लेकरे सुरक्षित करावी. लेकरावर संकट असेल तर १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०२२ साली चालू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मिळते. प्रार्थना करावी आणि हेही करावे. एकाने दुसरे टळत नाही.

६. मानोहाचे घर

शेवटी इसहाकाच्या घराशेजारी मानोहाचे घर ठेवून पाहू. शास्ते, अध्याय तेरा, ह्यात परमेश्वराचा दूत प्रथम मानोहाच्या स्त्रीस दर्शन देतो. रिबकेप्रमाणे तिलाही लेकराविषयी देवाचे सांगणे एकटीलाच मिळाले. परंतु तिने ते जाऊन लगेच नवऱ्यास सांगितले. नवऱ्याने तिला वेडी ठरविले नाही. जन्मास येणाऱ्या मुलाचे आम्ही काय करावे हे आम्हांस शिकीव, अशा अर्थाची विनंती त्याने केली. आम्ही म्हणाला, मी म्हणाला नाही. दूत पुन्हा आला तेव्हा ती शेतात एकटी होती. ती धावत जाऊन नवऱ्यास घेऊन आली, आणि तो तिच्या मागून गेला. दोघांचे स्वभाव एक होते असेही नाही. देवदर्शनानंतर मानोहा घाबरला, आता आपण मरणार असे त्यास वाटले. बायको धीराची होती, तिने कारणे देऊन त्याची भीती घालविली. भीती त्याची, धीर तिचा. परंतु बोलणे एकमेकांशी.

असे असूनही शमशोन हट्टी निघाला, हे आम्ही लपवीत नाही. पलिष्टी मुलीविषयी आईबापांनी दोघांनी मिळून त्यास अडविले, आणि त्याने ऐकले नाही. एकमताने लेकरू खात्रीने चांगले निघते असे वचन देवाने कोठे दिलेले नाही, म्हणून ज्यांची मुले दूर गेली आहेत त्यांनी आपणांस दोषच देत बसू नये. परंतु शमशोन मेला तेव्हा त्याचे भाऊ व त्याच्या बापाच्या घरचे सर्व त्यास आणावयास खाली गेले, आणि त्यास बापाच्या कबरेत पुरिले. त्याच्यासाठी घर फाटलेले नव्हते. लेकरू कितीही दूर जावो, परत यावयास एक घर असावे, दोन नसावीत; आईबापांच्या हातात आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

घरी व शब्बाथ शाळेत विचारावयाचे प्रश्न

१. उत्पत्ति, अध्याय २७, ह्यात इसहाक व रिबका एकमेकांशी किती वेळा बोलतात? त्यांनी पहिल्याच दिवशी बोलावयाचे असते तर काय बोलले असते?

२. तुमच्या घरी धाक कोणाकडे व माया कोणाकडे आहे? ही वाटणी कशी झाली?

३. गेल्या आठवड्यात तुम्ही लेकराच्या द्वारे कोणता निरोप पाठविला? तो स्वतः सांगता आला असता काय?

४. मानोहा व त्याची स्त्री ह्यांचे स्वभाव कोठे निराळे दिसतात, आणि तरी ते एकत्र कसे राहिले?

५. ह्या आठवड्यात नवराबायकोने मिळून लेकरांसाठी तीन नेम ठरवावेत, व पुढील रविवारी ते पाळणे कोणास अधिक जड गेले, लेकरास की आपणांस, हे पाहावे.